वस्ताद, तुमच्या टॉवेलची पट्टी अजून माझ्याकडेच आहे

वस्ताद,
साष्टांग नमस्कार.

चार बोटं रुंदीची ती पट्टी मी अजून धुतलेली नाही. तिला आखाड्यातली लाल माती लागलीय आणि एका टोकाला खोबळ्याच्या, म्हणजे दांडपट्ट्याच्या हात झाकणाऱ्या लोखंडी मुठीच्या, आतल्या गंजाचा तपकिरी डाग पडलाय. काल रात्री ती हातात घेऊन बसले आणि मग हे लिहायला घेतलं. तुम्ही फोनवर काही वाचत नाही हे ठाऊक आहे, नात वाचून दाखवेल. पण चार लोकांनीही वाचावं म्हणून उघड्यावर लिहितेय.

मी एका व्हिडिओ गेमसाठी दांडपट्टा चालवणारं पात्र तयार करतेय. ज्यांना हे गेम माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाच जण इकडं, पाच जण तिकडं, मधे तीन वाटा, वाटेवर बुरूज, आणि शेवटी समोरच्याचा मुख्य तळ पाडायचा. लीग ऑफ लेजंड्स, डोटा २ हे याच जातीचे खेळ. प्रत्येक खेळाडू एक पात्र निवडतो आणि त्या पात्राच्या चार-पाच करामतींवर त्याची सगळी लढाई चालते. लीगमध्ये अशी दीडशेहून जास्त पात्रं आहेत, डोटात शंभरावर. तलवारवाले, भालेवाले, धनुष्यवाले, सगळे होऊन गेलेत. तिथं नवा चेहरा आणून भागत नाही, लढायची नवी रीत आणावी लागते. मला दांडपट्टा आणायचा होता. लहानपणी शिवजयंतीच्या मिरवणुकीत बाबांच्या खांद्यावर बसून बघितलेला पट्टा, ज्याचं पातं दिसायचंच नाही, नुसता उजेड फिरायचा.

तुमच्याकडं येण्याआधी मी तीन दारं वाजवली. एका स्टुडिओतल्या साहेबांनी चित्रं बघून सांगितलं की नऊवारी आणि नथ ठसठशीत करा, शस्त्र काय, चाबकासारखं फिरवा, बघणाऱ्याला काय कळतंय. मला ते फार लागलं. पट्ट्याचं पातं लवतं, पण म्हणून तो चाबूक होत नाही. जिथं डिझाइन शिकले तिथले सर म्हणाले, गेमचा नाद सोड, लग्नपत्रिका कर, चार पैसे मिळतील. तिसरे तर जुन्या शस्त्रांवर भाषणं देणारे. २०२४ साली सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला तेव्हा हार घातलेले त्यांचे फोटो मी स्वतः पुढं पाठवले होते. मी एवढंच विचारलं, एकदा हातात घेऊन बघू का? ‘हे खेळणं नाही, ताई,’ म्हणाले आणि कपाटाची काच सरकवून बंद केली. काच बंद झाल्याचा तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

तुमच्या आखाड्यात आले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले असतील. पोरं लाठी फिरवत होती, कोपऱ्यात एक जण हलगी शेकत बसला होता. मी मोबाइलवर चित्र दाखवायला लागले. तुम्ही चष्मा शोधलात, सापडला नाही, मग फोन हातभर लांब धरून बराच वेळ बघितलात. हसला नाहीत. कशाला पाहिजे, किती मिळणार, कुणाची पोरगी तू, यातलं काहीच विचारलं नाहीत. ‘हिचा हात असा न्हाई वळायचा,’ एवढंच बोललात आणि आत जाऊन पट्टा घेऊन आलात.

खोबळा मला मोठा झाला. आतली आडवी मूठ घट्ट धरली तरी सगळं कोपराशी लोंबकळत होतं, पातं जमिनीकडंच कलंडत होतं. मला वाटलं, झालं, आता हेही म्हणणार, राहू दे पोरी. तुम्ही खांद्यावरचा टॉवेल ओढलात, एक कड दातात धरून टर्रकन पट्टी फाडलीत आणि माझ्या मनगटापासून वर गुंडाळायला लागलात. घाई नाही. एक वेढा झाला की ‘आवळतंय का?’ असं विचारायचं, मग दुसरा. पलीकडं पोरं खोळंबली होती, हलगी वाजवणारासुद्धा थांबून बघत होता. सात वेढे झाले. मग खोबळा परत चढवलात, धरून हलवून बघितलात आणि म्हणालात, ‘आता तुझा झाला बघ.’

वस्ताद, तुमच्यासाठी ती रोजची गोष्ट असेल. नव्या पोराला असंच बांधून देत असाल. पण आठ महिने मी ज्या शस्त्राचं चित्र काढत होते, ते माझं आहे असं तोवर मला कुणीच म्हटलं नव्हतं.

आणि हात आत गेल्यागेल्या कळलं की सगळं चुकीचं काढलंय. खोबळ्यात मनगट वळतच नाही. तलवार मनगटावर चालते; पट्ट्याचा वार कोपरातून, खांद्यातून, कमरेतून निघतो, आणि एकदा निघाला की तो मधेच आवरता येत नाही, पाय बदलून त्याच जोरात दुसऱ्या अंगाला न्यावा लागतो. माझं पात्र एका जागी उभं राहून वार करत होतं! त्या रात्री मी तिच्या चारही करामती पुसल्या. आता तिचा एक वार उजवीकडून गेला की पुढचा डावीकडूनच येतो. फिरत राहिली तर प्रत्येक वाराला जोर चढतो, थांबली की पुन्हा पहिल्यापासून. या खेळात कॅमेरा वरून बघतो, पात्र पडद्यावर अंगठ्याएवढं दिसतं. तेवढ्यातही ही कोण आहे ते नुसत्या फिरण्यावरून ओळखू येतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, ‘समोरच्यानं वाचायचं कसं गं?’ आमच्या धंद्यात याला, म्हणजे समोरच्याला वार चुकवायला ठेवलेल्या संधीला, काउंटरप्ले म्हणतात, आणि चुरशीच्या खेळात पात्र टिकणार की नाही ते यावरच ठरतं. त्या तिघांतल्या एकानंही मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी फुशारकीनं म्हणाले, वाचताच येणार नाही. तुम्ही मान हलवलीत. ‘मग त्यो खेळ न्हाई, नुसता मार झाला.’ आणि सात-आठ वेळा तोच वार करून दाखवलात, मी मोबाइलवर चित्रण करत होते. वार निघायच्या आधी खांदा खाली जातो. मी घरी येऊन त्या चित्रणाची एकेक फ्रेम मोजली. सेकंदाला ६० फ्रेम, त्यातल्या २० खांदा पडल्यापासून पातं निघेपर्यंत. म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. माणसाला बघून हात हलवायला साधारण पाव सेकंद लागतो. लक्ष देणाऱ्याला वाचायला जागा आहे, बेसावध असेल त्याला नाही. त्या २० फ्रेम मी तशाच ठेवल्यात.

नावही तुमचंच. मी ‘रणचंडी’ ठेवलं होतं. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत, पण पोरांवर ‘गिरकी घे, गिरकी!’ म्हणून ओरडत होता. घरी पोचेपर्यंत तिचं नाव गिरकी झालं होतं.

या कोल्हापुरात अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. २०१९ च्या पुरात स्वतःच्या घरात पाणी असताना दुसऱ्याची म्हैस सोडवायला गेलेली माणसं मी बघितलीत. त्यांना कुणी जाणकार म्हणत नाही, स्टेजवर बोलवत नाही. समोरचा काय मागतोय ते त्यांना पूर्ण कळतही नसेल, पण त्याला ते मनापासून पाहिजे आहे एवढं कळतं, आणि हात पुढं येतो. तुम्हाला डोटा म्हणजे काय हे आजही माहीत नाही.

डोटा २ मध्ये स्वतःचा नकाशा, स्वतःचं पात्र घालून खेळायची सोय आहे. मुळात डोटाच २००३ साली वॉरक्राफ्ट ३ या गेमच्या एका नकाशातून, खेळणाऱ्यांच्या हातून उभा राहिला. गेल्या रविवारी राजारामपुरीतल्या एका कॅफेत दहा जणांना बसवलं. पहिला तासभर गिरकीनं सगळ्यांना लोळवलं. मग समोरच्या संघातल्या एका पोरानं तिचा वार चुकवला. परत चुकवला. आणि खुर्चीतून अर्धवट उठून शेजारच्यावर ओरडला, ‘अरे खांदा बघ की! खांदा बघ!’

मी त्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं, वस्ताद. मी जिन्यात जाऊन रडून घेतलं.

गुरुवारी सराव संपल्यावर लॅपटॉप घेऊन येते. टॉवेल नवा आणतेय, नको म्हणू नका. पट्टी परत देणार नाही. चष्मा तेवढा शोधून ठेवा.

तुमची,
खोबळा मोठा झालेली पोरगी