निबंध आधी बोलून घ्या

संपादक महोदय,

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत ८० पैकी ८ गुण प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखनाला असतात. त्या गुणांच्या धास्तीने पाचवी-सहावीपासूनच गाईडमधले निबंध पाठ करून घेतले जात आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गल्लीतल्या मुलांचा अभ्यास घेते. मुले वेगवेगळ्या शाळांची, पण ‘माझी आई’ सगळ्यांची एकच. ती पहाटे उठते, सर्वांची काळजी घेते, तिचे उपकार फिटणार नाहीत. खाली लाल शाईत शेरा: ‘छान’.

सहावीतल्या एका मुलीने असाच निबंध दाखवला. वही मिटून मी विचारले, “आई कामावरनं आली की पहिलं काय करते गं?”

“हात धुती. बेदाणं निवडून बोटं चिकट हुत्यात. मग आमास्नी जवळ घेती.”

आमच्या तासगाव भागात द्राक्षे शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात आणि हंगामात कितीतरी बायका काड्या काढायला, बेदाणा निवडायला जातात. ती पोर मग सांगतच सुटली. आईच्या पदराला गंधकाच्या धुरीचा वास येतो. हिरवा माल आणि पिवळा माल आई एका नजरेत, नुसत्या सवयीने वेगळा टाकते. घरी येताना खाली सांडलेले दाणे कधी आणत नाही, कारण ते मालकाचे. मी म्हटले, “हे का नाही लिहिलंस?” तर म्हणाली, “असलं निबंधात चालतंय व्हय?”

हा प्रश्न तिच्या मनात आला, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून निबंधाच्या पहिल्या तासाला मुलांनी फक्त बोलावे आणि शिक्षकांनी त्यांचेच शब्द फळ्यावर उतरवावेत. मग एकमेकांजवळचे मुद्दे एकत्र करावेत, बाकीचे खोडावेत. तीन परिच्छेद पुरतात. मुले पहिल्या वाक्यापाशीच अडून बसतात, म्हणून सुरुवात सगळ्यात शेवटी लिहिली तरी चालते, हे त्यांना स्पष्ट सांगावे. बोलीतले वाक्य आधी तसेच कागदावर येऊ द्यावे. ऱ्हस्व-दीर्घ आणि प्रमाण रूपे दुसऱ्या खेपेला बघावीत. दोन्ही एकदम मागितले की मूल घाबरून गाईड उघडते. फाटक्या पुस्तकाचे मनोगत लिहायचे असेल तर वर्गातले एखादे खरोखर फाटलेले पुस्तक मुलांच्या हातात द्यावे. कोणते पान गेले, कुणी नाव गिरवले, डाग कसला, एवढे पाहिले तरी निम्मे लेखन होते.

याला दोन-तीन तासिका लागतात, आणि अभ्यासक्रम, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांत त्या सापडत नाहीत, हे मी स्वतः भोगले आहे. तरीही महिन्याला असा एक निबंध झाला, तर पाठ केलेल्या वीस निबंधांपेक्षा मुलांच्या पदरात जास्त पडेल.

दहावीचे पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना आणि ती तपासणी पुन्हा पाहणाऱ्या नियामकांना माझी कळकळीची विनंती आहे की, मुलाने स्वतः पाहिलेल्या तपशिलाला मोकळ्या हाताने गुण द्यावेत. आपल्या वृत्तपत्रानेही मुलांच्या पानावर मोठ्यांनी घासूनपुसून दिलेले निबंध न घेता मुलांच्या शब्दांतले घ्यावेत. आपण जागा देणार असाल, तर मुलांच्या पालकांना विचारून आमच्या गल्लीतले चार-पाच निबंध मी पाठवते.

– एक निवृत्त शिक्षिका, तासगाव (जि. सांगली)