डॉक्टर काही नाही म्हणाले, पण दुखतंय ना?

बाळा,

खरं तर हे आईनं लिहायला पाहिजे, पण ती फोनवर सांगून थकली आणि तू दर वेळी "सोनोग्राफी नॉर्मल आहे गं" म्हणून विषय बदलतेस, म्हणून मी लिहितोय. बापानं पाळीबद्दल लिहायचं म्हणजे तुला ऑकवर्ड वाटेल, वाटू दे, मलापण वाटतंय.

गड्ड्याच्या जत्रेला आली होतीस तेव्हा गरम पाण्याची पिशवी धरून पडून होतीस, होम मैदानावर पण आली नाहीस. इथल्या डॉक्टरांनी तुझं अर्धंच ऐकलं आणि म्हणाले, एवढं सगळ्यांनाच होतं, लग्न झालं की थांबेल. आता लग्न हे औषध कुठल्या मेडिकलमध्ये मिळतं ते काय मला माहीत नाही. पोटाला हात लावला नाही, शौचाला जाताना दुखतं का, पाळी नसताना पण दुखतं का, कायपण विचारलं नाही.

मावशी सिव्हिलला सिस्टर आहे, तिच्याशी बोललो. ती म्हणाली एंडोमेट्रिऑसिस म्हणून एक आजार असतो, गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, म्हणजे ओव्हरीवर वगैरे वाढतो, आणि साध्या सोनोग्राफीत तो कधी कधी दिसतच नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाहीच असं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं पाळीच्या वयातल्या साधारण 10 टक्के बायका-मुलींना हा त्रास असतो, आणि निदान व्हायला कित्येकींची वर्षं जातात कारण घरचे पण आणि डॉक्टर पण म्हणतात सहन कर. तुला हेच झालंय असं मी म्हणत नाही हां, मी कोण सांगणार. पण सुट्टी टाकून पडून राहावं लागतं एवढं दुखत असेल तर कोणीतरी नीट तपासायला पाहिजे की नको?

तुला वाटतंय डॉक्टरांना वाईट वाटेल, इतक्या वर्षांची ओळख आहे. अगं, मागाला खडखड आवाज येतोय आणि माग दुरुस्त करणारा एक जॉबर बघून म्हणाला काही नाही, तरी आवाज येतच राहिला तर आम्ही दुसऱ्याला बोलावतोच, पहिल्याशी भांडण थोडीच होतं. आणि 2018 मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं रुग्णांच्या हक्कांची सनद केली त्यात सेकंड ओपिनियन घ्यायचा हक्क लिहिलेलाच आहे, म्हणजे आपण काही चोरून करत नाही.

आत्याचं आठवतंय ना? तिला एका हॉस्पिटलात अॅडमिट असतानाच गर्भाशयाची पिशवी काढायला सांगितलं होतं, लगेच, पुढच्याच आठवड्यात. आम्ही फाइलची कॉपी मागितली तर काउंटरवर टाळाटाळ सुरू. मग मावशीनं सांगितलं की मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमात आहे, पेशंटनं मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. तसा लेखी अर्ज दिला, मिळाली फाइल. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी बघून गोळ्या दिल्या, आत्या आज बरी आहे, पिशवी जागेवर.

आता तू काय कर, पुण्यातच चांगली गायनॅक बघ, शक्यतो लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून तपासणी करणारी, आणि जायच्या आधी मागच्या तीन-चार पाळ्यांचं लिहून ठेव, कितव्या दिवशी दुखलं, किती दिवस, कुठली गोळी घेतली आणि फरक पडला का, ऑफिस बुडालं का, कमरेत-पायात कळ जाते का. लाजू नकोस, शौचाचं पण सांग. आत गेल्यावर आधी आपला त्रास सांग, पहिले डॉक्टर काय म्हणाले ते नंतर, नाहीतर त्या पण त्याच रस्त्यानं जातील. रिपोर्टबरोबर सोनोग्राफीच्या फिल्म पण ने. आणि सरळ विचार, हे नसेल तर दुसरं काय असू शकतं, आणि गोळ्यांनी कमी झालं नाही तर पुढं काय?

त्यांनी नीट तपासून, समजावून सांगितलं की काळजीचं नाही, तर मग ऐक. आपल्याला पाहिजे तेच उत्तर मिळेपर्यंत दवाखाने पालथे घालायला मी सांगत नाहीये.

आणि एक, अचानक असह्य दुखलं, ताप आला, चक्कर येऊन पडलीस किंवा तासाला पॅड बदलायची वेळ आली तर कुठलं ओपिनियन न् काय, रूममेटला घेऊन सरळ कॅज्युअल्टी गाठ, मग आम्हाला फोन कर.

पैशाचं बघू नकोस, फी मी पाठवतो. आई म्हणते ती हुतात्मा एक्स्प्रेसनं येते तुझ्याबरोबर जायला, नको म्हणू नकोस, तिनं बॅग काढून ठेवलीय आणि त्यात शेंगाचटणीचा डबा आधीच गेलाय. अपॉइंटमेंट कुठल्या दिवसाची मिळाली ते उद्यापर्यंत कळव म्हणजे तिकीट काढतो.

पप्पा