समुद्रयानाच्या बातमीत खाली राहणारे जीव पण येऊ द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

समुद्रयानाची, म्हणजे माणसांना खोल समुद्रात नेणाऱ्या भारताच्या मोहिमेची, बातमी आली की तीन माणसं 6000 मीटर खाली जाणार, तिथे तांबं, जस्त, सोनं आहे, एवढंच वाचायला मिळतं. पण खाली राहतं कोण, हे कुणी सांगतच नाही, म्हणून हे पत्र.

2016 मध्ये भारताने इंटरनॅशनल सीबेड ऑथॉरिटीशी, म्हणजे कुठल्याही देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रतळाचा कारभार बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी, करार केलाय, हिंदी महासागराच्या तळाशी ज्या डोंगररांगा आहेत तिथे 10,000 चौरस किमीमध्ये सल्फाइड (धातू आणि गंधकाची) खनिजं शोधायचा, 15 वर्षांसाठी. ही खनिजं साठतात गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी, पाणी भेगांतून आत मुरतं, तापतं, खडकातले धातू घेऊन वर उसळतं आणि थंड पाण्याला भिडलं की ते धातू तिथेच साचून खांब उभे राहतात. आणि जीवांची वस्ती पण ह्याच खांबांना धरून असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं कुठलाही प्राणी झऱ्याच्या 350 डिग्रीच्या पाण्यात राहत नाही हो. अडीच हजार मीटरवर दाब वरच्यापेक्षा अडीचशे पट, त्यामुळे ते पाणी उकळत नाही एवढंच, पण थोडं बाजूला गेलं की पाणी 2-3 डिग्रीचं, आणि प्राणी ह्या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तग धरतात. सूक्ष्मजीवांची गोष्ट वेगळी. हिंदी महासागरातल्याच कैरेई नावाच्या झऱ्यातला एक सूक्ष्मजीव 122 डिग्रीला वाढतो हे 2008 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, आणि हॉस्पिटलमधली अवजारं आपण 121 डिग्रीला निर्जंतुक करतो!

ह्याच कैरेईला 2001 मध्ये एक गोगलगाय सापडली. तिच्या शंखाचा बाहेरचा थर लोखंड आणि गंधकाचा, पायावर शेकडो खवले, त्यांच्यावरही तोच थर. सॉलिटेअर नावाच्या दुसऱ्या झऱ्याच्या पाण्यात लोखंड कमी, तर तिथली हीच गोगलगाय पांढरी! तिथे सूर्यप्रकाश नाही, वनस्पती नाही, मग ती जगते कशावर, तर घशाजवळच्या मोठ्या ग्रंथीत तिने बॅक्टेरिया पाळलेत, ते हायड्रोजन सल्फाइडपासून, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाच्या त्या विषारी वायूपासून, ऊर्जा काढून अन्न बनवतात. त्यांना ऑक्सिजन पुरवावा लागतो म्हणून तिचं हृदय शरीराच्या मानाने अवाढव्य असतं.

2019 मध्ये तिला धोक्यात आलेल्या प्रजातींच्या लाल यादीत टाकलं. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या भीतीमुळे यादीत आलेला हा पहिला जीव, कारण तेव्हा माहीत असलेल्या तिच्या तीन जागांपैकी दोन खनिज शोधायच्या लायसन्सखाली होत्या, जर्मनीच्या आणि चीनच्या.

आपल्याला सध्या फक्त शोधायची परवानगी आहे, खोदायची नाही, हे मान्य. पण डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या एनसीपीओआर (ध्रुव आणि महासागर संशोधन केंद्र) आणि चेन्नईच्या एनआयओटी (समुद्र तंत्रज्ञान संस्था) इथल्या शास्त्रज्ञांनी साधारण 4500 मीटरवरच्या चालू झऱ्याचा फोटो काढला, केवढी अभिमानाची गोष्ट! आता त्या झऱ्यापाशी कोणते प्राणी दिसले, किती, ते मराठीतून लोकांपुढे यायला हवं. आणि माझं स्पष्ट मत आहे, चालू झरे खाणकामातून कायमचे वगळावेत, खनिज हवंच असेल तर विझलेले झरे बघा, तेही तिथे काय राहतं हे नीट तपासूनच. गोव्यात तुमचे बातमीदार असतीलच, त्यांना एकदा तिथल्या शास्त्रज्ञांकडे पाठवा आणि हेच प्रश्न विचारा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, रत्नागिरी