पेन्सिलीने लिहिलेली ती पानं

आदरणीय सर,

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही वाद्याच्या तोंडाची रीड ओली करत विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

माझी पहिली रचना मी तुमच्या बँडच्या तालमीला घेऊन आलो तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. पियानोवर बसवलेली सुरावट जशीच्या तशी उतरवून सगळ्यांना वाटली होती. पहिलाच सूर सी. ट्रॉम्बोनने सी दिला, टेनर सॅक्सोफोनमधून बी-फ्लॅट आला, ऑल्टो सॅक्सोफोनमधून ई-फ्लॅट. वादकांची काहीच चूक नव्हती, त्यांनी कागदावरचंच वाजवलं होतं; पण कागदावरचा सी सॅक्सोफोनमधून पियानोच्या सीपेक्षा वेगळाच निघतो. मला तिथून पळून जावंसं वाटलं. तुम्ही म्हणालात, "दहा मिनिटं थांबू या," आणि पेन्सिल काढलीत. पियानोच्या सीसाठी ऑल्टोच्या पानावर ए, टेनरच्या पानावर डी. तेवढ्या वेळात आठ मात्राखंड झाले. उरलेली सगळी पानं पुढच्या तालमीला तुमच्या अक्षरात तयार होती.

शेवटचा सूर मी ऑल्टोच्या सगळ्यात खालच्या बी-फ्लॅटवर ठेवला होता, तोही अगदी हळू. तिथे हळू फुंकलं की सूर फुटतो, हे ऑल्टो वाजवणाऱ्या मला तरी कळायला हवं होतं! तुम्ही तो बॅरिटोनकडे, म्हणजे ऑल्टोहून मोठ्या, आणखी खालच्या सुरांच्या सॅक्सोफोनकडे दिलात. त्याच्या मधल्या पट्टीत तोच सूर आरामात बसला.

आणि पानांवर वाद्यांऐवजी वादकांची नावं होती. मी विचारलं, तेव्हा तुम्ही अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनची गोष्ट सांगितलीत. ते ऑल्टोसाठी नाही, आपल्या बँडमधल्या ऑल्टोवादक जॉनी हॉजेससाठी लिहायचे. बॅरिटोन म्हणजे हॅरी कार्नी, 1927 पासून 1974 पर्यंत त्यांच्याच बँडमध्ये. माणसाची फुंक ओळखीची असली की कुठला सूर कोणाला द्यायचा, हे आपोआप कळतं, असं तुम्ही म्हणाला होतात.

तुमच्या वह्या मी नंतर पाहिल्या. एकाच रचनेवर पाच-पाच नावं खोडलेली, आणि नवा वादक आला की त्याच्यासाठी पुन्हा लिहिलेला भाग. सगळी कारकीर्द याच भागात, याच लहान बँडांबरोबर काढलीत, तरी एकाही वादकाला दुसऱ्याचं उसनं पान दिलं नाहीत. याहून मोठा संगीतकार मी पाहिलेला नाही.

माझ्या रचनांची पहिली ध्वनिमुद्रिका सोबत पाठवतो आहे. तिसरी रचना तीच आहे. शेवटचा सूर बॅरिटोनलाच ठेवला आहे.

तुमचा,
ऑल्टोच्या दुसऱ्या खुर्चीवरचा