टाकीवाल्या काकांना, मनापासून

प्रिय काका,

गाडी आता चढावर मान टाकत नाही. हे तुम्हाला समोर येऊन सांगितलं असतं, पण आभाराचा शब्द काढला की तुम्ही हात पुसत दुसऱ्या कामाकडे वळता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं.

वडिलांची एमजीबी, म्हणजे त्यांची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, माझ्याकडे आली तेव्हापासून तिचं एकच दुखणं होतं. छान धावायची आणि मध्येच आचके देत बंद पडायची. मागे पंप टकटकत राहायचा, पुढे कार्बोरेटरपर्यंत, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापर्यंत, पेट्रोल पोचायचं नाही. थोडा वेळ उभी केली की काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. पेट्रोलच्या टाकीतला गंजाचा भुगा पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाऊन बसायचा आणि पंप थांबला की खाली सुटायचा, हे मला तुमच्याकडून कळलं. तुमच्याआधी कोणी कार्बोरेटर खोलले, कोणी पंपावर खापर फोडलं. एकाने तर टाकी नीट साफ न करता गंजावरच आतून लेपाचा थर ओतला. त्याचे पापुद्रे सुटले आणि दुखणं दुप्पट झालं.

यापैकी कोणीही माझ्याशी बोलायचं नाही. ‘घरातल्या कोणाला तरी पाठवा, त्यांना समजावून सांगतो,’ हे मी एकाहून जास्त ठिकाणी ऐकलं. गाडी माझी, पैसे माझे, रस्त्याच्या कडेला ताटकळणारी मी. आणि समजून घ्यायला मात्र दुसरं कोणीतरी! तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिल्यांदा काय केलंत? प्रश्न विचारलात. डिकी उघडल्यावर पेट्रोलचा वास येतो का? टाकी काठोकाठ भरली की जास्त येतो का? येत होता. कोणी विचारलंच नव्हतं. मग तुम्ही सांगितलंत की या गाडीची टाकी डिकीच्या पत्र्याखाली टांगलेली असते, मधल्या फटीत चिखल अडकतो, ओल धरून बसतो आणि टाकी वरच्या अंगाने, बाहेरून सडत जाते. आत तळाशी पाणी साचून धरलेला गंज वेगळाच. 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. त्यांतल्या कितीतरी टाक्या अशाच वरून कुजल्या असतील, आणि लोक तळ तपासत बसले असतील.

पण मला खरं सांगायचंय ते खडूबद्दल.

टाकी धुऊन, सुकवून झाल्यावर तुम्ही मला आत बोलावलंत. दार लोटलंत, दिवे मालवलेत, आणि इंधनमापकाच्या भोकातून छोटा बॅटरीचा दिवा आत सोडलात. वरच्या पत्र्यातून उजेडाचे बारीक टिपके दिसायला लागले. तुम्ही काही बोलला नाहीत. खडू माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, ‘तुम्हीच खुणा करा. गाडी तुमची आहे.’

काका, मी टाकीभोवती फिरत एकेका छिद्राला गोल करत होते आणि तुम्ही बाजूला उभे होतात. एक माझ्या नजरेतून सुटलं, तेव्हासुद्धा तुम्ही बोट दाखवलं नाहीत, दिवा जरासा सरकवलात. मला दिसेपर्यंत थांबलात. इतक्या वर्षांत त्या गाडीविषयी मला कोणी काही दाखवलं होतं तर ते वडिलांनी. त्यांच्यानंतर तुम्ही. त्या अंधारात माझे डोळे भरून आले होते, ते तुम्हाला दिसलं नसावं.

पुढे तुम्ही काय काय केलंत ते सगळं इथे लिहीत नाही. तुमची घाई न करण्याची रीत मात्र लिहायलाच हवी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र असते, हे सांगून तुम्ही ज्योत जवळ येऊ दिली नाहीत. आणि नवी टाकी मिळते, हवी तर तीच घ्या, हेही तुम्ही आधीच सांगितलं होतंत. स्वतःचं काम जाईल याची पर्वा न करता! ‘पण हिचा पत्रा अजून दमदार आहे,’ एवढंच पुढे जोडलंत. समोरच्याला सगळं खरं सांगायचं आणि ठरवायचं त्याच्यावर सोडायचं, हा मोठेपणा मला फार थोड्या माणसांत दिसला आहे. हुशार कारागीर पुष्कळ भेटतात. माणसाला मान देऊन काम करणारा भेटला की आपणही कामाकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागतो. परवा फिल्टर मी स्वतः काढून पाहिला. स्वच्छ होता.

जुन्या गाड्या जपणारी काही मंडळी माझ्या ओळखीची आहेत. तुमची हरकत नसेल तर त्यांना तुमच्याकडे पाठवीन, आणि वेळ लागेल हे आधीच बजावीन. पुढच्या खेपेला ब्रेकच्या नळ्या पाहायच्या आहेत. त्या उघडाल तेव्हा मला बोलवा.

तुमची कृतज्ञ,
एमजीबीवाली