रोजचे पाऊल आणि विधीतले पाऊल

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

विधींमधले पारंपरिक नृत्य ही रोजच्या हालचालींची सजवलेली नक्कल असते, हे तुझे म्हणणे चार दिवस मनात घोळते आहे, आणि ते मला अर्धेच पटते. हालचाल तीच असते, हे खरे. पण ‘नक्कल’ म्हटले की मूळ चाल निसर्गदत्त असल्याचे आपण गृहीत धरतो, आणि तिथेच माझी शंका आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९३४ च्या एका व्याख्यानात आपला अनुभव सांगितला होता. न्यूयॉर्कच्या रुग्णालयात आजारी असताना परिचारिकांची चाल त्यांना ओळखीची वाटली. ती सिनेमात पाहिल्याचे पुढे उमगले आणि फ्रान्समध्ये परतल्यावर तिथल्या मुलीही तशाच चालताना दिसल्या. म्हणजे रोजचे चालणेही शिकलेलेच असते, फक्त ते नकळत शिकलेले असते.

आता मेवलेवी या सूफी पंथातल्या दर्वेशांचे, म्हणजे फकिरांचे, विधीतले स्वतःभोवती गोल फिरणे बघ. कोणी हाक मारली की आपणही एका पायावर वळतो, पण कोणत्या, हे आपल्याला सांगता येत नाही. दर्वेशाचा डावा पाय मात्र खांबासारखा जमिनीला धरून राहतो आणि उजवा पाय शरीराला फिरवत नेतो. शिकताना लाकडी फळीत ठोकलेला खिळा डाव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरून, जागा न सोडता, तो हे वळणे पुन्हा पुन्हा घोटतो. साधे वळणेच ते, पण वळून कुठे जायचे नसल्यामुळे सारे लक्ष वळण्यातच राहते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पाऊल, पोटरी, मांडी आणि कंबर यांच्या एकत्रित हालचालीला ‘चारी’ म्हटले आहे. अशा ३२ चारींपैकी १६ भौमी, म्हणजे जमिनीवरच्या, आणि १६ आकाशिकी, म्हणजे पाय हवेत उचलून करायच्या. मला यातला ‘एकत्रित’ हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण आपण पाऊल टाकतो तेव्हाही हे चारही अवयव एकदमच हलत असतात. त्या एकत्र हलण्याला नाव द्यावे, असे मात्र आपल्याला कधी वाटत नाही.

परवा मी खोलीत दहा पावले शक्य तितकी सावकाश चाललो. सहाव्या पावलाला, टाच उचलताना, तोल गेला. मग दहाही पावले पुन्हा चाललो, आणि तोल पुन्हा तिथेच गेला. तूही करून पाहा आणि तुझा कोणत्या पावलाला जातो ते सविस्तर कळव.

तुझा स्नेहांकित