जमिनीला नावे ठेवण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत शुभवर्तमानातील, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातील, बियांच्या दाखल्यांवर (दृष्टान्तकथांवर) आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला एवढी जागा दिली, याबद्दल सीमाभागातील एक ख्रिस्ती वाचक म्हणून मी आपली आभारी आहे. परंतु पेरणाऱ्याचे बी वाटेवर, खडकावर, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडते त्या दाखल्यावरून लेखकाने माणसांचे चार प्रकार पाडले आणि वाचकांनी आपल्या ओळखीपाळखीच्या माणसांना त्यांत बसवून पाहावे असे सुचवले, ते वाचून मला राहवले नाही. हा दाखला असाच लावला जाताना मी गेली चाळीस वर्षे ऐकत आले आहे आणि त्यातून झालेले नुकसानही मी पाहिले आहे.

माझे बालपण खानापूर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबात गेले. वळवाचे एक-दोन पाऊस होऊन गेले की मे महिन्याच्या अखेरीस आमच्याकडे धूळवाफेवर, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कोरड्या मातीत, भात पेरत. वडील कुरी (पेरणीचे औत) हाकत आणि आई चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, मूठ धरी. आईच्या मुठीतून दाणे इतके एकसारखे सुटत की पुढे उगवलेल्या ओळी पाहून शेजारच्या बायका मूठ कोणाची ते ओळखत. त्या शेताचा खालचा तुकडा मऊ आणि पाणी धरणारा होता. वरच्या अंगाला वीतभर मातीखाली जांभा दगड लागे. बांधाच्या कडेला घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या माजलेल्या असत. आणि एका कडेने शेजाऱ्यांच्या शेतात जाणारी गाडीवाट होती, तिच्यावरची माती बैलांच्या खुरांनी दगडासारखी झालेली होती. वाट, खडक, काटे आणि चांगली जमीन हे सारे एकाच उताऱ्यावर, एकाच मालकाच्या नावाने होते. म्हणून हा दाखला पहिल्यांदा ऐकला तेव्हा येशू चार माणसांविषयी बोलत आहे असे मला वाटलेच नाही. तो आमच्या शेताविषयी बोलत आहे, असे वाटले.

दाखल्याचा अर्थ येशूने शिष्यांना स्वतःच उलगडून सांगितला आहे, हे मी विसरलेले नाही. बी म्हणजे वचन; वाटेवरचे बी सैतान हिरावून नेतो; खडकावरचे लगेच उगवते, पण मूळ नसल्यामुळे छळ होताच करपते; काट्यांतले संसाराच्या चिंता आणि धनाचा मोह यांनी खुंटते. मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत हा उलगडा आहे. पण ज्याला ऐकायला कान आहेत त्याने ऐकावे, हे शब्द त्या उलगड्याच्या आधी येतात, आणि ते समोर बसून ऐकणाऱ्याला उद्देशून आहेत. शेजाऱ्याची जमीन कोणत्या प्रतीची आहे हे पाहण्याचे काम त्यांत कोणालाही दिलेले नाही.

लेखात या दाखल्याचे सार म्हणून पेरावे तसे उगवते ही म्हण दिली आहे. तो विचार बायबलमध्ये जरूर आहे, पण तो प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे आणि त्याचा रोख वेगळा आहे. पेरणाऱ्याच्या दाखल्यात सगळीकडे एकच चांगले बी पडते. आम्ही कुरीने तासात पेरतो. दाखल्यातला शेतकरी मात्र हाताने बी फेकत चालला आहे, आणि म्हणूनच ते वाटेवर व खडकावरही पडते. आमच्या वडिलांनी असे बियाणे उधळलेले पाहिले असते तर त्यांचा जीव कळवळला असता. देव मात्र जमीन निवडत बसत नाही आणि वाटेवरही मूठ सोडतो, हे या दाखल्यातले पहिले शुभवर्तमान आहे असे मला वाटते.

पिकाचे आकडेही नीट पाहण्यासारखे आहेत. मार्क तीसपट, साठपट, शंभरपट असा चढता क्रम देतो. मत्तय शंभर, साठ, तीस असा उतरता देतो. लूक फक्त शंभरपट म्हणतो. तीसपट देणाऱ्या जमिनीलाही चांगली जमीनच म्हटले आहे.

खडकाळ जमीन कायमची खडकाळच राहते, असे लेखकांनी धरून चालले आहे. दाखल्यात जमीन बदलल्याचा उल्लेख नाही, हे मान्य करायला हवे. तरीही मूळ ग्रीकमध्ये खडकाळ जमिनीसाठी आलेला शब्द आणि येशूचा शिष्य पेत्र याचे नाव एकाच शब्दकुळातले आहेत, आणि छळाचा प्रसंग येताच ज्याने गुरूला तीनदा नाकारले तो पेत्रच होता. त्याच पेत्राला पुनरुत्थानानंतर येशूने मेंढरे राखायला सांगितले. यिर्मया संदेष्ट्याच्या चौथ्या अध्यायात तर पडीक जमीन नांगरा आणि काट्यांत पेरू नका, अशी सरळ आज्ञाच आहे. आमच्या वडिलांनी दर उन्हाळ्यात वरच्या अंगाचे दगड वेचून बांधावर रचले आणि तळ्यातला गाळ गाडीने आणून तिथे पसरला. मी शाळा संपवीपर्यंत त्या तुकड्यात खालच्याइतके नसले तरी पोटापुरते भात येऊ लागले होते.

आमच्या चर्चच्या मंडळीतील एका तरुणाविषयी लिहिणे मला भाग आहे. दृढीकरणानंतर, म्हणजे चर्चमध्ये आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीनंतर, दोन वर्षे तो मोठ्या उत्साहाने युवकांच्या प्रार्थनेत पुढे असे. पुढे नोकरी गेली, घरात कर्ज झाले आणि त्याचे येणे कमी झाले. तेव्हा वडीलजनांपैकी (मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी) एकाने भर सभेत हाच दाखला वाचून त्याच्याकडे पाहत खडकाळ जमिनीचे उदाहरण दिले. त्या दिवसापासून तो चर्चची पायरी चढलेला नाही. अंथरुणाला खिळलेल्या आईला तो रोज रात्री एक अध्याय वाचून दाखवतो, हे मला त्या माउलीनेच सांगितले. त्याच्या मनात काय रुजले आहे हे मला ठाऊक नाही, आणि ते ठरवण्याचा अधिकार त्या सभेलाही नव्हता.

यासाठीच मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला निदणाचा (तणाचा) दाखला मला महत्त्वाचा वाटतो, ज्याला लेखकांनी एका ओळीत उरकले आहे. गव्हात वैऱ्याने पेरलेले ते तण बहुधा गव्हासारखेच दिसणारे एक गवत होते, जे ओंबी बाहेर पडेपर्यंत ओळखू येत नाही. आमच्याकडचा शेतकरी म्हणेल, तण कापणीपर्यंत ठेवायचे ही कसली शेती? भांगलण (तण काढणे) वेळेवर झाली नाही तर भात हाती लागत नाही, हे खरेच आहे. पण भांगलणीला पहिल्यांदा आलेली मुलगी भातासारखेच दिसणारे गवत समजून भाताची रोपे उपटते, हेही प्रत्येक घराने अनुभवले आहे. त्या दाखल्यातील मालक नोकरांना तण उपटू देत नाही, कारण त्याला हीच भीती आहे. शिवाय येशूच्या उलगड्याप्रमाणे तिथे शेत म्हणजे जग आहे आणि कापणी करणारे देवदूत आहेत. निवड करण्याचे काम आपल्याकडे सोपवलेलेच नाही.

लेखात मुळीच न आलेला एक दाखला फक्त मार्कात आहे, चौथ्या अध्यायाच्या सव्विसाव्या ओवीपासून (बायबलमधल्या क्रमांकित वचनापासून) पुढे, जेमतेम चार ओव्यांचा. माणूस बी टाकतो, रात्री निजतो, दिवसा उठतो, आणि बी कसे रुजते व वाढते हे त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते, आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. आध्यात्मिक वाढीविषयी बोलताना मी सगळ्यांत जास्त वेळ याच दाखल्यावर थांबते. सात-आठ वर्षांची असताना धूळवाफेच्या पेरणीनंतर पाऊस लांबला, तेव्हा बी जगले की नाही हे पाहायला मी रोज एका जागची माती उकरत असे. पाऊस पडल्यावर चौथ्या दिवशी एक दाणा हाती लागला; त्याला पांढरे, केसासारखे मूळ फुटले होते. मी तो तसाच पुन्हा पुरला. तासात बाकी सगळीकडे हिरवी रेघ उमटली, तेवढी वीतभर जागा मात्र मोकळी राहिली. वडील काही बोलले नाहीत, पण त्या वर्षी शेतात गेले की मी त्या जागेकडे पाहत असे.

रविवारच्या शाळेत आईवडील मला विचारतात की मुलाची प्रगती कितपत आहे, तो प्रार्थना मनापासून करतो का, त्याला खरा विश्वास आहे का. त्यांची काळजी मला समजते. शिकवणे, पाणी देणे, गुरे आत शिरू न देणे एवढे आपण करावे आणि रात्री निजावे. आपल्या भागात लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० साली सुरू झाले. ज्यांनी तेव्हा पेरले त्यांतल्या बहुतेकांना पीक पाहायला मिळाले नाही.

आपणास माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या पुरवणीत मार्कातल्या त्या चार ओव्या मराठी बायबलमधून जशाच्या तशा छापाव्यात. रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी त्या आल्या तर बरे, कारण त्यानंतर आमच्याकडे पेरणीची धांदल सुरू होते आणि वर्तमानपत्र वाचायला कोणाला सवड राहत नाही.

आपली नम्र,
एक वाचक
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव